भिंतीवरचा चितारी

'चितारणे' हे क्रियापद मराठीने सांभाळले, त्याचा कर्ता मात्र हातचा जाऊ दिला. कादंबरीतली आजी लेखकाने सुरेख चितारली आहे, असे आपण परीक्षणात सहज लिहितो. पण जो खरोखर रंग कालवून उभा राहतो त्याला चितारी म्हणणे शहरांतून जवळजवळ थांबले आहे. भिंतीभिंतींवर चित्रे रंगवलेल्या वांद्र्याच्या चॅपल रोडवरून हिंडताना हा शब्द मला फार जवळचा वाटतो.

तिथे जायचे ते पायी, आणि स्टेशनाकडून बाजार रोडने. वांद्रे हे नाव फारसी 'बंदर'शी जोडले जाते आणि 'बाजार'ही फारसीच. पण दुकानांपुढून जरा सावकाश चालले की पोर्तुगीज ऐकू येऊ लागते. पाव, बटाटा, कोबी, काजू, हे सगळे शब्द त्यांच्याकडून आले. मासळीचा 'लिलाव'सुद्धा पोर्तुगीज 'लेइलांव'. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे हा भाग त्यांच्याकडे होता. पुढे किल्ले गेले, सत्ता गेली, आणि घासाघीस करणाऱ्यांच्या जिभेवर शब्द तेवढे राहिले.

बाजार मागे टाकून चॅपल रोडलगतच्या रणवार या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत शिरावे. इथले जुने ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक अशा वस्तीला पाखाडी म्हणतात. कोकणात पाखाडी म्हणजे दगड बसवलेली पायवाट, बऱ्याचदा पायऱ्यापायऱ्यांची. वाटेचेच नाव वस्तीला मिळाले असावे असे मला वाटते, कारण या गल्ल्यांची रुंदी अजूनही पायांच्याच हिशेबाची आहे. गाडीतून इथली चित्रे दिसत नाहीत.

आता भिंत. संस्कृत 'भित्ति' हा शब्द 'भिद्' या धातूचा, म्हणजे फोडणे, चिरणे. चिरलेल्या बोरूची चटई हा कोशांत 'भित्ति'चा एक अर्थ आहे. कामट्या विणून, वर शेणमाती लिंपून उभा केलेला कोकणातला कुड ज्याने पाहिला आहे त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 'चित्र'ही मुळात कागदावरचे नव्हे. ठळक, रंगीबेरंगी, नजरेत भरणारे ते चित्र. अंगावरच्या ठिपक्यांमुळे चितळ आणि चित्ता यांची नावेही त्याच घरातली.

वांद्र्याच्या या भिंतींवर चित्रकार रणजित दहिया यांनी २०१२ पासून हिंदी सिनेमा रंगवायला घेतला. चॅपल रोडवर 'अनारकली' आली. हरयाणात भिंतींना चुना मारण्यापासून कामाला सुरुवात केलेला हा माणूस. २०१४ साली त्यांनी वांद्रे रेक्लेमेशनजवळ एमटीएनएलच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले. फाळके स्वतः जे. जे. कलाशाळेत शिकलेले, त्यामुळे एका रंगवणाऱ्याने दुसऱ्याला रंगवले म्हणायचे. सिनेमाला 'चित्रपट' म्हणण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते. शब्द मात्र संस्कृतात आधीपासून होता आणि त्याचा अर्थ होता रंगवलेले कापड. पट म्हणजे वस्त्र. रंगवलेल्या कापडाचे नाव पडद्यावरच्या हलत्या चित्राला मिळाले आणि आता ती हलती चित्रे भिंतीवर स्थिर होऊन बसली. शब्दाचा इतका लांबचा फेरा क्वचितच पाहायला मिळतो.

हे काम करणाऱ्यांना आपण काय म्हणतो? 'स्ट्रीट आर्टिस्ट', किंवा फार तर 'भित्तिचित्रकार'. दुसरा शब्द निर्दोष आहे, पण तो समितीने बनवल्यासारखा वाटतो; शिडीवर चढलेल्या माणसाला त्याने हाक मारता येत नाही. 'चित्रकार' प्राकृतात 'चित्तआर' झाला, त्याचा चितार, चितारी झाला. या शब्दाला रस्त्याची सवय आहे. नागपुरात महालमध्ये चितारओळ आहे, तिथे मूर्ती घडतात आणि रंगतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी, रंगीत फळे विकायला मांडलेली असतात. कारागीर आणि बाजार एकाच नावाखाली, एकाच रस्त्यावर. गोव्यातही लाकडावर लाखेचे रंग चढवणाऱ्यांना चितारीच म्हणतात.

चॅपल रोडवरची चित्रे कायमची नाहीत. पावसाळ्यात रंग उतरतो, जुने घर पाडले की भिंत जाते, त्याच जागी दुसरे कुणी दुसरे काही काढते. पण हे रंगवणारे हात पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना मी यापुढे चितारी हाच शब्द वापरणार आहे.