किल्ला पाडणाऱ्या यंत्राची शालेय प्रतिकृती

मध्ययुगात तटबंदीवर धोंडे फेकणारे यंत्र अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचा पाठ ठरले आहे. ‘सायन्स ऑलिम्पियाड’ या आंतरशालेय स्पर्धेत २००० च्या दशकात ‘स्टॉर्म द कासल’ हा प्रकार होता. केवळ खाली पडणाऱ्या वजनाच्या ऊर्जेवर चालणारी प्रतिकृती बनवून चेंडू दूर आणि अचूक फेकायचा, हे त्याचे स्वरूप.

या यंत्रास इंग्रजीत ‘ट्रेब्युशे’ म्हणतात, तर फारसीत अशा यंत्रांना ‘मंजनीक’. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०४ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यासमोर उभारलेले ‘वॉरवुल्फ’ विशेष प्रसिद्ध आहे.

तरफेच्या आखूड टोकाला वजन, तर लांब टोकाला गोफण असते. वजन कोसळताच लांब टोक उसळते, गोफणीचा एक पदर खिळ्यावरून निसटतो आणि चेंडू सुटतो. गोफण लवकर सुटली, तर चेंडू उंच जाऊन जवळच पडतो; उशिरा सुटली, तर समोरच जमिनीवर आदळतो. हा क्षण खिळ्याच्या बाकावर आणि गोफणीच्या लांबीवर ठरतो.

म्हणूनच नुसते जड वजन पुरत नाही. एका वेळी एकच बदल करून प्रत्येक फेकीची नोंद ठेवणाऱ्या संघालाच चेंडू कोठे पडेल, हे आधी सांगता येते.