चॅटरबॉट नावाचं जेम

बॉटांचा इतिहास लिहायला कुणी बसलं, तर गाजलेल्या बॉटांपासून सुरुवात करेल. अ‍ॅलिसन पॅरिश यांचा ‘एव्हरीवर्ड’ हा त्यांतला एक. २००७ ते २०१४ या काळात त्याने इंग्रजीतले सुमारे १,०९,००० शब्द वर्णानुक्रमाने, दर अर्ध्या तासाला एक, असे ट्विटरवर टाकले. दुसरा ‘हॉर्स ईबुक्स’. त्याच्या तुटक वाक्यांवर लोक बॉट समजून लुब्ध होते, आणि सप्टेंबर २०१३मध्ये कळलं की दोन वर्षं ती वाक्यं जेकब बक्किला नावाचा माणूसच टाकत होता. मला मात्र या मंडळींपेक्षा बॉट ज्यांच्यावर चालायचे त्या लायब्रऱ्यांच्या बदलांच्या नोंदी वाचायला आवडतात. ट्विटरने काय दिलं याच्या जाहिराती होतात; काय काढून घेतलं ते या नोंदींत सापडतं.

माझा संबंध कॉलिन मिचेल यांच्या ‘चॅटरबॉट’ या लायब्ररीशी आला. मी पुण्यात रेल्सवर काम करायचे, त्यामुळे रुबी हाताशी होतीच. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५मध्ये लोकांपुढे आणलेली ही भाषा बॉटवाल्यांच्या मनाजोगती होती: आज सुचलं, आज लिहिलं, रात्री क्रॉनला लावलं. खुद्द ट्विटरची सुरुवातही २००६मध्ये रेल्सवरच झालेली. जॉन न्यूनमेकर यांनी ‘ट्विटर’ नावाचं जेम, म्हणजे रुबीची लायब्ररी, लिहिलं, पुढे ते एरिक मायकल्स-ओबर यांनी सांभाळलं, आणि त्याच्या डोक्यावर चॅटरबॉट बसलं. अमुक शब्द शोधा, सापडलेल्या प्रत्येक ट्विटला तमुक उत्तर द्या, एवढं पाच-सात ओळींत लिहिता यायचं.

माझा बॉट मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीतला रोज एक शब्द टाकायचा. शिकागो विद्यापीठाने तो कोश इंटरनेटवर ठेवला आहे. शब्द आणि अर्थ १४० अक्षरांत बसवायचे म्हणजे आधी मोजायचे. रुबी १.८ला ‘मराठी’ची लांबी विचारली की १५ यायची, कारण ती बाइट मोजत होती. १.९पासून ५ येऊ लागली. ५ का? म, र, काना, ठ, वेलांटी. ट्विटरही असंच मोजायचं, म्हणजे आमचे काने-मात्रेसुद्धा हिशेबात धरले जायचे, आणि एकट्या ‘क्ष’चे तीन लागायचे. नोव्हेंबर २०१७मध्ये मर्यादा २८० झाली. तेव्हा चिनी-जपानी अक्षरांना दुप्पट वजन लावलं गेलं, पण देवनागरी हलक्या गटात राहिली. ट्विटरच्या कोणत्याही बदलात आमचा फायदा झाला असेल तर तो इथेच.

बाकीची कहाणी कुलपांची. सुरुवातीला बॉटच्या फायलीत खात्याचं नाव आणि पासवर्ड लिहिला की काम व्हायचं. ३१ ऑगस्ट २०१०पासून ते बंद झालं आणि ओऑथ सक्तीचं झालं. चार लांबलचक किल्ल्या आल्या. त्या किल्ल्या मिळवण्याची कटकट कमी व्हावी म्हणून चॅटरबॉटमध्ये नोंदणीची वेगळी कमांड आहे, आणि माझ्या मते त्या जेममधलं सगळ्यात माणुसकीचं काम तेच. ११ जून २०१३ला एपीआयची पहिली आवृत्ती गेली. तिच्याबरोबर एक्सएमएल आणि आरएसएस गेले, साधा शोध घ्यायलाही किल्ली लागू लागली. जुलै २०१८पासून नव्या माणसाला डेव्हलपर म्हणून अर्ज करून आपण काय करणार ते लिहून द्यावं लागू लागलं. त्याच ऑगस्टमध्ये यूजर स्ट्रीम बंद झाली. कुणी हाक मारताच ‘ओ’ देणारे बॉट तिच्यावर चालायचे. ‘ट्विटर_ईबुक्स’ या रुबीच्याच दुसऱ्या जेमची उत्तरं त्यामुळे अडली.

प्रत्येक कुलूप वाईट होतं असं मी म्हणणार नाही. केवळ एखादा शब्द सापडला म्हणून अनोळखी माणसाला यंत्राने उत्तर देऊ नये, हा ट्विटरचा नियम मला पटलेला आहे. चॅटरबॉटची सगळ्यात मजेदार सोय त्यामुळे जवळजवळ निकामी झाली, तरीही. बटाट्याचं नाव काढलं की बटाट्याबद्दल विनोद सांगणारा बॉट पहिल्यांदा गोड वाटतो, तिसऱ्यांदा त्याला ब्लॉक करावंसं वाटतं. हे मिचेल यांनाही कळत असावं, म्हणून तर जेममध्ये कुणाला उत्तर द्यायचं नाही याची यादी ठेवायची सोय होती.

रुबीचं स्वतःचं चालू होतंच. दर नाताळला नवी आवृत्ती. २.४मध्ये फिक्सनम गेलं, ३.०मध्ये कीवर्ड आर्ग्युमेंटचे नियम कडक झाले. पण तिथे आधी इशारे छापून येतात आणि दुरुस्तीला वर्ष-दोन वर्षं मिळतात. २ फेब्रुवारी २०२३ला ट्विटरने सांगितलं की फुकट एपीआय आठवड्याभरात बंद. भाडेकरूला खोली खाली करायलाही घरमालक याहून जास्त मुदत देतो! मग तारखा पुढे ढकलल्या, आणि मार्चअखेर दर ठरले: फुकटात महिन्याला १,५०० ट्विटं टाकता येतील पण वाचता जवळपास काही येणार नाही, नाहीतर महिन्याला १०० डॉलर. माझा शब्दांचा बॉट फुकटात बसत होता. उत्तरं देणारे, शोधणारे, ऐकणारे बसत नव्हते. ज्याला ऐकू येत नाही असा बॉट म्हणजे नुसती दवंडी.

बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले, आणि तेही रुबी ऑन रेल्सवरच लिहिलेलं! मिचेल यांनी बॉटांसाठी तिथे ‘बॉट्सइन.स्पेस’ नावाचा सर्व्हर २०१७पासूनच चालवला होता. माझ्या बॉटचं ते सगळ्यात सोपं अपडेट ठरलं: एक टोकन, ५०० अक्षरं, आणि ‘हे खातं बॉट आहे’ अशी उघड खूण करायची चौकट. लांबी मोजणारं काने-मात्र्यांचं कोड मी पुसून टाकलं. पुढे तो सर्व्हर चालवणं परवडेना, आणि डिसेंबर २०२४मध्ये तो फक्त वाचण्यापुरता उरला. सध्या बॉट दुसऱ्या एका लहान सर्व्हरवर आहे. तिथल्या नियमांत दिवसाला किती पोस्ट चालतील ते आधीच लिहिलेलं आहे.