बोगनवेलीनं रंग बदलला आणि मी उगाच भांडलो

आज पिकाचं नाही, कुंपणाचं लिहितोय.

चार वर्षांपूर्वी विहिरीकडच्या बांधाला बोगनवेल लावली. मोकाट जनावरांसाठी, रानडुक्कर तिलाही जुमानत नाही. त्यात दहा रोपं ‘मेरी पामर’ची, जादा पैसे मोजून घेतलेली. एकाच झाडावर पांढरा आणि गुलाबी, दोन्ही रंग. तिसऱ्या वर्षी दहातली चार झाडं निव्वळ गुलाबी झाली. मी तडक नर्सरीत गेलो आणि चार माणसांदेखत त्या माणसाला फसव्या म्हणालो. तो एवढंच म्हणाला, “दादा, झाड तेच आहे.”

नंतर ओळखीच्या एका निवृत्त सरांनी मला बसवून या झाडाचं घराणं सांगितलं.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. 1767 मध्ये फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ कॉमर्सन याला ती रिओ द जानेरोजवळ दिसली. जहाजांचा प्रमुख बूगनव्हील, त्याचंच नाव वेलीला. (कॉमर्सनची मदतनीस जान बारे पुरुषाच्या वेषात जहाजावर होती. झाडं गोळा करायला, ओझी वाहायला तीच. नाव मात्र साहेबाचं लागलं.) आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं, खरं फूल आतलं, बारीक पांढरट.

आपल्या गोष्टीचं मूळ 1910 चं. त्रिनिदादच्या मिसेस बट यांना कोलंबियात कार्ताहेना इथल्या एका बागेत किरमिजी रंगाची बोगनवेल मिळाली. ती कुणी मुद्दाम केलेली नव्हती. ग्लॅब्रा आणि पेरुव्हियाना या दोन जाती बागांतून शेजारी आल्या आणि आपसूक संकर झाला. 1944 मध्ये होल्टम आणि स्टँडली यांनी तिला बाईंच्या नावावरून ‘बटियाना’ हे शास्त्रीय नाव दिलं.

पण ‘मिसेस बट’ खेचरासारखी निघाली. दोन्हीकडची गुणसूत्रं नीट जुळत नाहीत, म्हणून बी धरत नाही. वाढवायची तर छाट कलमानंच. म्हणजे जगभरच्या सगळ्या ‘मिसेस बट’ एकाच झाडाच्या काड्या.

मग नवे रंग कुठून आले? फुटव्यातून. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. सोनाका असाच थॉम्पसनच्या वेलीवर मिळालेला वेगळा फुटवा. ‘मिसेस बट’वर नारिंगी फांदी फुटली, ती ‘मिसेस मॅकलीन’. कलकत्त्यात दोन रंगांची फांदी निघाली, ती ‘मेरी पामर’. तिच्यावर चट्ट्यापट्ट्याची पानं आली, ती ‘थिम्मा’.

पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संस्थेत डॉ. खोशू आणि सहकाऱ्यांनी कोल्चिसिन वापरून अशा वांझ वाणांची 34 गुणसूत्रं 68 केली. प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि झाड बी धरायला लागलं. दुप्पट केलेल्या ‘मिसेस मॅकलीन’वर ‘डॉ. बी. पी. पाल’ या वाणाचा पराग टाकून ‘चित्रा’ तयार झाली. साठेक वर्षं वांझ म्हणवलेल्या घराण्यात लेक आली म्हणा ना.

आता माझी चार झाडं. ‘मेरी पामर’च्या अंगात दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदतात. नुसत्या एका प्रकारातून निघालेला फुटवा एकरंगीच येणार. तो जोमदार असला तर बाकीच्यांना दाबतो. मी दर पावसाळ्यात कुंपण सरसकट वरून छाटत होतो, तेव्हा कुठली फांदी दोनरंगी हे बघितलंच नाही. एकरंगी फांदी दिसली की बुडातून काढायची आणि काडी दोनरंगी फांदीचीच घ्यायची, एवढं पाळायचं होतं. उरलेल्या सहांवर यंदा फुलं असतानाच सुतळ्या बांधून ठेवल्यात.

गेल्या आठवड्यात नर्सरीत जाऊन माफी मागितली. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, “ती चार गुलाबी उपटू नका दादा. जूनमध्ये काड्या आणा, रस्त्याच्या दुभाजकासाठी माझ्याकडं मागणी आहे.”