अकरा पैशांचे पाणी

मी आठवीत असताना वसतिगृहात राहत होतो. श्रावणातल्या एका आठवड्यात आमच्यापैकी दहा-बारा जणांना एकदम जुलाब सुरू झाले. वसतिगृह सांभाळणारे सर मनाने फार चांगले. रात्री अकराच्या सुमारास त्यांनी कपाटातून जलसंजीवनीच्या पुड्या काढल्या, एक पुडी पेल्यात रिकामी केली, चमच्याने ढवळली आणि पेला माझ्या तोंडाला लावला. पहिल्या घोटालाच मला मळमळले. "पी रे, औषध आहे. औषध कधी गोड लागतं का?" सर म्हणाले. स्वयंपाकघरातल्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, ह्याला तांब्याभर तरी पाणी लागंल. आमच्या गावात नर्सबाईंनी तसंच सांगितलेलं." सरांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावरची अक्षरे मुंगीएवढी, आणि चष्मा खोलीवर राहिलेला. पेला मला संपवावाच लागला. पहाटेपर्यंत जुलाब वाढले आणि सकाळी मला एस.टी.ने तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागले.

सरांनी औषध बरोबर निवडले होते, रोगी बरोबर होता, वेळही बरोबर होती. चूक झाली ती पाण्यात. एक लिटरची पुडी एका पेल्यात, म्हणजे सुमारे पाचपट तीव्र द्रावण! असे द्रावण आतड्यात गेले की ते शरीरात पाणी सोडण्याऐवजी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. पुढे पेशींच्या पटलांमधून क्षार कसे आत-बाहेर जातात हाच माझ्या कामाचा विषय झाला. त्या निमित्ताने जलसंजीवनीचा इतिहास वाचताना तो पेला मला वारंवार आठवला. कारण हा इतिहास केवळ एका औषधाच्या शोधाचा नाही. औषध किती द्यायचे, ते कोणी द्यायचे आणि डॉक्टर निघून गेल्यावर रोग्याजवळ कोणी बसायचे, हे प्रश्न त्यात प्रत्येक टप्प्यावर येतात.

१८३१ च्या अखेरीस पटकीची साथ इंग्लंडात पोहोचली. पटकीचा रोगी काही तासांत आक्रसतो, डोळे खोल जातात, कातडी सुरकुतते. त्या काळी यावर उपाय म्हणजे रक्त काढणे आणि रेचके देणे! म्हणजे ज्याच्या अंगातले पाणी संपत आले आहे त्याचे उरलेसुरले पाणीही काढून घ्यायचे. विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले आणि दाखवून दिले की रक्तातले पाणी आणि क्षार कमी झाले आहेत. ते परत घातले पाहिजेत. ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातील टॉमस लॅटा यांनी, १८३२ च्या मे महिन्यात. एका मरणोन्मुख वृद्ध स्त्रीच्या शिरेत त्यांनी सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरहून अधिक क्षारयुक्त पाणी सोडले. बाईंचा चेहरा फुलला, त्या बोलू लागल्या. दमलेले लॅटा त्यांना रुग्णालयातील शल्यवैद्यावर सोपवून विश्रांतीसाठी गेले. थोड्याच वेळात उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले. लॅटांना कोणी कळवले नाही, द्रावणही पुन्हा कोणी दिले नाही. साडेपाच तासांत बाई दगावल्या. ही हकिकत लॅटांनीच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात लिहिली आहे.

उपचार बरोबर होता. पण तो एकदा करून संपणारा नव्हता. जितके जाते आहे तितके देत राहणे हाच उपचार, आणि त्यासाठी कोणीतरी उशाशी बसून राहावे लागते. लॅटा १८३३ मध्ये वारले. पाणी निर्जंतुक करण्याचे ज्ञान तेव्हा नव्हते, क्षारांचे प्रमाण ठरलेले नव्हते, आणि ही पद्धत वापरली जाई ती बहुधा आशा सोडलेल्या रोग्यांवर. ती मागे पडली यात नवल नाही. ओशॉनेसी मात्र १८३३ मध्ये कलकत्त्याला आले आणि पुढे त्यांनी भारतात तारायंत्राचे जाळे उभारले. पटकीच्या मायभूमीत येऊनही ते या विषयाकडे पुन्हा वळले नाहीत, ही इतिहासाची एक गंमतच म्हणायची. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून तीव्र क्षारद्रावण देऊन पटकीचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणले. सलाईन रुळले ते तेव्हापासून. पण सलाईनला सुई लागते, निर्जंतुक बाटली लागते, शिक्षित हात लागतो. आणि साथ येते ती नेमकी या तिन्ही गोष्टी नसतात तिथे.

मग तोंडानेच मीठ-पाणी का देऊ नये? दिले तर होतेच. पण नुसते मीठ-पाणी पटकीच्या रोग्याच्या आतड्यात शोषले जात नाही. १९५३ मध्ये कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध लिहिला. सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या पटकीच्या १८६ रोग्यांना त्यांनी एक लिटर पाण्यात चार ग्रॅम मीठ आणि पंचवीस ग्रॅम ग्लुकोज घालून पाजले होते. उलटी थांबवण्यासाठी त्यांनी वापरलेल्या औषधांत पानओव्याच्या पानांचा रस होता. हो, ज्याची आपण भजी करतो तोच पानओवा. रोगी बरे झाले. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि ग्लुकोज नेमके काय करते याचे स्पष्टीकरण नव्हते. निबंध छापला गेला आणि जवळजवळ विसरला गेला.

स्पष्टीकरण आले ते अगदी वेगळ्या बाजूने. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, ते सोडियमला सोबत घेऊन शिरते. पेशीच्या पटलात एक प्रथिन असते. दोन सोडियम आयन आणि एक ग्लुकोज रेणू बसला की ते आतल्या बाजूला उघडते. जोडीदारांशिवाय दार उघडत नाही. क्षार आणि साखर आत गेली की पाणी त्यांच्यामागून जाते. पटकीचे विष आतड्यातून क्लोराइड आणि पाणी बाहेर फेकायला लावते, पण या दाराला हात लावत नाही. घराला पुढच्या बाजूने गळती लागली आहे आणि मागचे दार शाबूत आहे, अशी ही स्थिती.

हे वाचून वाटेल की आता मार्ग मोकळा झाला. तसे झाले नाही. अमेरिकी नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांना १९६२ मध्ये मनिला येथे दिसले की ग्लुकोज घातलेले द्रावण रोगी शोषून घेतात. उत्साहाने त्यांनी पुढची चाचणी केली. त्या वेळी द्रावण फार तीव्र होते आणि काही रोगी दगावले. फिलिप्स इतके हादरले की पुढे ढाक्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाल्यावरही ते या उपचाराबाबत कमालीचे सावध राहिले. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. माझ्या मते ती सावधगिरी प्रामाणिक होती. त्याच प्रयोगशाळेतील डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुणांनी १९६८ मध्ये एक साधी गोष्ट केली. रोग्याच्या अंगातून बाहेर पडणारे पाणी त्यांनी मोजले आणि तेवढेच तोंडाने परत दिले. एकोणतीस रोग्यांवरच्या या कामातून सलाईनची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तरीही हे सगळे रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली झाले होते. अडाणी माणसाच्या हातात हे द्यायचे नाही, असेच सर्वांचे मत होते.

ते मत मोडले बनगावला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावच्या परिसरात साडेतीन लाख माणसे होती. पटकी पसरली. तिथल्या रुग्णालयात या रोग्यांसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा. कलकत्त्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी पुढे सांगितले आहे की जमिनीवर पडलेल्या रोग्याला सुई लावायची तर उलटी आणि विष्ठेच्या थारोळ्यात गुडघे टेकावे लागत. अठ्ठेचाळीस तासांतच सलाईन पुरणार नाही हे दिसले आणि ही लढाई आपण हरत आहोत हे त्यांना कळून चुकले.

त्यांनी तोंडावाटे उपचाराचा निर्णय घेतला, आणि तोही रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातून. कलकत्त्यातील त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत वजने करून पुड्या बांधण्याचे काम सुरू झाले. लिटरला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खायचे मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे तापलेल्या इस्त्रीने चिकटवली जात. छावणीत हे मिश्रण पिंपात कालवायचे आणि पिंपाच्या तोटीतून आई, भाऊ, शेजारी यांनी पेल्यात घेऊन रोग्याला पाजायचे. लोकांना सलाईनवर विश्वास होता म्हणून त्यांनी याला नाव दिले 'तोंडाने घ्यायचे सलाईन'. खर्च लिटरला अकरा पैसे.

या योजनेतली खरी युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. मोजमाप अडाणी माणसावर सोपवलेलेच नव्हते. ते तराजूवर, शांत खोलीत आधीच झाले होते. नातेवाइकाकडे उरले होते फक्त पाजणे. आणि किती पाजायचे हे रोग्याची तहान सांगत होती. शिरेतून जादा पाणी गेले तर ते फुप्फुसात साचू शकते. तोंडाने देताना तहान भागली की रोगी पेला सारतो आणि थोडेफार जादा झालेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात. २४ जून ते ३० ऑगस्ट या काळात सुमारे ३७०० रोग्यांवर असे उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण आधी वीस-तीस टक्के होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. १९७३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराचा जगभर पुरस्कार सुरू केला. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाले.

पुडी सर्वत्र पोहोचत नाही, म्हणून पुढचा प्रयोग आपल्या शिक्षकी पेशाला फार जवळचा आहे. बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या काळात सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन आयांना घरचे द्रावण शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. भाषण नाही. शिक्षिकेने आईला चुलीजवळ बसवायचे आणि तिच्याच हाताने करवून घ्यायचे. सुमारे महिन्याने दुसरा माणूस निवडक घरी जाई, आईला द्रावण करायला सांगे आणि त्याचा नमुना तपासायला नेई. आईला किती आठवते आणि तिचे द्रावण कसे उतरते यावर शिक्षिकेचा पगार ठरे! तरीही सुरुवातीला एक कोडे पडले. आया द्रावण अचूक करून दाखवीत. पण मुलाला जुलाब झाले की ते वापरणाऱ्या थोड्याच. चौकशी केली तेव्हा कळले की शिकवणाऱ्यांनाच जुलाब झाले की ते गोळ्या घेत. त्यांचाच विश्वास नव्हता, आणि तो आयांना बरोबर कळत होता. मग शिकवणाऱ्यांना हा उपचार शास्त्राने कसा सिद्ध झाला ते दाखवण्यात आले, घरातील पुरुषांशीही बोलणे सुरू झाले, आणि वापर वाढला.

औषधाचे प्रमाणही बदलत गेले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची पुडी पूर्वीपेक्षा सौम्य आहे. लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९. या द्रावणाने जुलाबाचे प्रमाण आणि उलट्या पूर्वीपेक्षा कमी होतात असे आढळले. २००४ पासून मुलांना त्यासोबत दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस आहे. दुसरीकडे, नावात 'ओआरएस' मिरवणारी भरपूर साखरेची पेये बाजारात आली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांना ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. दुकानातून आणलेल्या खोक्यावरचे घटक वाचायची सवय मात्र ठेवलेली बरी.

आश्रमशाळा, वसतिगृह किंवा सहलीचा मुक्काम सांभाळणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. पुडी पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात एकदम विरघळवावी. थोडी आता, थोडी नंतर असे करू नये. एका बाटलीवर लिटरची खूण आधीच करून ती कपाटात पुड्यांशेजारी ठेवावी. उरलेले द्रावण चोवीस तासांनी फेकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. जुलाब बंद करणारी गोळी मुलांना आपल्या मनाने देऊ नये. मूल सुस्त झाले, पिईनासे झाले, लघवी थांबली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश परत गेली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. वाटेतही पाजणे चालू ठेवावे. आणि किती वाजता किती पेले दिले हे कागदावर लिहून तो कागद मुलाबरोबर पाठवावा.

वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आता अनेक शाळांत असतो. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन बोटांनी मिठाच्या दहा चिमटी कागदावर टाकायला सांगा, एकूण वजनाला दहाने भागा आणि सर्वांची उत्तरे फळ्यावर मांडा. मग हाच प्रयोग सपाट चमच्याने करा. कोणाची चिमूट केवढी निघते ते पाहून मुले आधी हसतात, आणि मग चमचा सपाट कसा करायचा हे आपणहून विचारतात.