बीदरच्या मदरशात अफलातून

कोहिनूर गावाहून निघताना भाकऱ्या बांधून घ्या. सोबत कारळ्याची चटणी चालेल, पण तिच्यात मिरची नको. मिरची अजून हिंदुस्थानात यायची आहे. साल १४७४. दख्खनकडे पावसानं पाठ फिरवली आहे आणि बीदरच्या बाजारात गाठीला पैसा असूनही जोंधळा मिळेलच असं नाही. जिथं तूर डोक्याइतकी वाढायची, तिथं काळं रान भेगाळलंय. एखाद्या भेगेत हात घालून बघा, कोपरापर्यंत जातो.

बसवण्णांचं कल्याण ओलांडून पूर्वेला चालत राहिलात की काळी माती संपते आणि जांभ्याचं लाल पठार लागतं. मग दुरूनच दोन मिनार दिसतात. पुढं त्यातला एकच उरणार आहे, १६९६ च्या सुमारास बंदुकीच्या दारूच्या स्फोटात दुसरा जाणार आहे, पण आज दोन्ही उभे आहेत. निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांची नागमोडी नक्षी इतकी नवी आहे की उन्हात डोळे दिपतात. इमारत पुरी होऊन जेमतेम दोन वर्षं झालीत. बांधणारा महमूद गावान, इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून दाभोळला उतरला आणि आता बहमनी सुलतानाचा वजीर आहे. याच्याच फौजेनं दोन वर्षांपूर्वी विजयनगरकडून गोवा घेतलं.

दारवान तुम्हाला आत कसा सोडतो, ते विचारू नका. लेखकाला तेवढी सूट असते.

तीन मजले, मधे मोठा चौक, भोवती खोल्या. भिंती जाड, तरी आत उजेड भरपूर. एका खोलीत दहा-बारा पोरं मांडी घालून बसलीयत. कुणी इराणी, कुणी इथलाच दख्खनी. बोरूचा टाक कागदावरून करकरत फिरतोय. एक पोरगा शाईत बुडवलेला टाक दौतीच्या काठावर दोनदा निथळवतो, मगच लिहितो. कागद महाग आहे. त्यांच्यापुढचं पुस्तक मी निवडलंय, कारण फारसी शिकलेल्या माणसाला ते तेव्हा टळत नसे: नसीरुद्दीन तूसीनं १२३५ मध्ये लिहिलेलं 'अख़लाक़-ए-नासिरी'. त्याच्या मागे मिस्कवैहचा अरबी ग्रंथ, आणि त्याच्याही मागे अथेन्समधले दोघे, अफलातून म्हणजे प्लेटो आणि अरस्तू म्हणजे ॲरिस्टॉटल. ग्रीस ते बीदर हा विचार असा ग्रीकमधून अरबीत, अरबीतून फारसीत, मुक्काम करत करत आलाय.

शिक्षक सांगतात ते दख्खनीत तुमच्या कानावर येतं असं समजा. माणसात तीन जोर असतात. एक विचार करतो, एक चिडतो, एक मागतो. मागणारा आवरला की संयम येतो. चिडणारा कामाला लागला की शौर्य येतं. विचार करणारा जागा राहिला की शहाणपण. आणि तिघं आपापल्या जागी बसले की जे होतं, तो न्याय. एवढं अफलातूनचं. अरस्तूची भर अशी की प्रत्येक गुणाच्या दोन्ही बाजूंना दरी आहे. शौर्याच्या एका अंगाला भ्याडपणा, दुसऱ्या अंगाला आंधळं धाडस. औदार्याच्या एका अंगाला चिकटपणा, दुसऱ्याला उधळपट्टी. शहाणपणालाही दोन दऱ्या आहेत, हे ऐकून पोरं माना वर करतात: कमी पडलं तर भोळसटपणा, जास्त झालं तर कावेबाजी.

पुढचं पान तुमच्याबद्दल आहे. तूसी म्हणतो, समाजही चार महाभूतांचा. लेखणीवाले म्हणजे पाणी, तलवारवाले अग्नी, व्यापारी वारा आणि शेतकरी माती. चौघांचा तोल सांभाळणं हे राजाचं काम. तुम्ही कोहिनूरचे शेतकरी, म्हणजे तुम्ही माती. मातीवाचून काही चालत नाही हे तूसीला मान्य आहे. फक्त या खोलीत माती बोलत नाही. आणि येताना तुम्ही ज्या कल्याणवरून आलात, तिथं तीनशे वर्षांपूर्वी ती बोलत होती. बसवण्णांच्या भोवती जमलेल्यांत परीट होता, नावाडी होता, चांभार होता, अक्कमहादेवी होती, आणि सद्गुण कशाला म्हणावं हे ते आपापल्या धंद्यातून सांगत. हरळय्या चांभाराच्या मुलाशी मधुवरस ब्राह्मणाच्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा राजानं दोन्ही बापांना मारलं आणि शरण, म्हणजे बसवण्णांभोवतीची ही माणसं, पांगले. अथेन्स इथं यायच्या आधी इथं काही नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तर बोलाच. तुमच्याजवळ प्रश्न आहे, कीर्तनात शंभरदा ऐकलेला. मंगळवेढ्याचे दामाजीपंत याच बीदरच्या दरबाराचे चाकर. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटलं. मग विठोबा महाराच्या वेशात बीदरला आला आणि पैसे भरून पावती घेऊन गेला, असं परंपरा सांगते. विचारा शिक्षकांना: उस्ताद, हे औदार्य की उधळपट्टी?

पुस्तकाचं उत्तर तयार आहे. औदार्य स्वतःच्या धनाचं. दुसऱ्याच्या कोठारातून दिलं तर ते औदार्यात बसत नाही. एक दख्खनी पोरगा पुटपुटतो, धान्य पिकवलं कुणी? शिक्षक ऐकलं न ऐकलंसं करतात. मला विचाराल तर पोरगं बरोबर आहे, आणि अरस्तूच्याच मापानं बरोबर आहे: ज्याचं त्याला देणं यालाच तो न्याय म्हणतो. कोठार औदार्याच्या प्रकरणात नाही, न्यायाच्या प्रकरणात शोधायला हवं होतं. विठोबानं पावती का घेतली, तेही मग नीट कळतं.

खोलीतून उठा. खरा धडा वजिराच्या कचेरीत चाललाय. गावान स्वतः शिकलेला माणूस. 'मनाज़िर-उल-इन्शा' हा पत्रलेखनावरचा ग्रंथ त्याचा, आणि इराणच्या जलालुद्दीन दवानीसारख्या तत्त्वज्ञाशी त्याचा पत्रव्यवहार. हाच दवानी तूसीच्या पुस्तकाला नवं रूप देऊन 'अख़लाक़-ए-जलाली' लिहिणारा. गावान मात्र तोल कागदावर न ठेवता राज्यात आणायला निघालाय. दरबारात दख्खनी आणि बाहेरून आलेले आफाकी यांचं हाडवैर. तो दोघांत पदं वाटतो. पुढं चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ तरफा करतो. तरफदाराच्या हाती एकच किल्ला, बाकीच्यांवर किल्लेदार सुलतानाचा. सैन्य कागदावर दाखवून प्रत्यक्षात कमी ठेवलं तर पैसे कापायचे. मागणाऱ्या जोराला आवर घालणं म्हणतात ते हेच, फक्त इथं तो जोर एकेका सरदाराच्या वाड्यात राहतो, आणि त्याच्याजवळ घोडदळ आहे.

आता सात वर्षं पुढे, १४८१, एप्रिलची पाच तारीख, आंध्रातलं कोंडपल्ली. छावणीत उकाडा. गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवून शत्रूंनी कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतलाय, आणि वर ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलंय. सुलतान मुहम्मद प्यालेला. बोलावणं येतं. मित्र म्हणतात, जाऊ नका, घोडे तयार आहेत, गुजरात गाठा. म्हातारा ऐकत नाही. हुमायूनशाहच्या चाकरीत दाढी पांढरी झाली, त्याच्या मुलाच्या चाकरीत लाल झाली तर शोभेलच, अशा अर्थाचं काही बोलून तो तंबूकडे निघतो. शिक्का माझा, पत्र माझं नाही, एवढंच तो सांगतो. सुलतान आपल्या जौहर नावाच्या गुलामाला खूण करतो.

मग खजिना तपासतात. वजिराच्या घरात सोन्याचे ढीग निघतील या आशेनं आलेल्यांच्या हाती फारसं लागत नाही. त्याचं चटईवर झोपणं आणि मातीच्या भांड्यातलं जेवण इतिहासकार फिरिश्त्यानं पुढं लिहून ठेवलं. संयमाच्या प्रकरणात हा माणूस पैकीच्या पैकी पास. शौर्याच्याही. न्यायाचं तर त्यानं राज्यच करून दाखवलं. शहाणपणाच्या बाबतीत मात्र मला राहून राहून वाटतं, की कट करणारे एका दरीत होते हे उघड आहे. पण ज्या वजिरानं प्रत्येक तरफदाराचे किल्ले मोजले, त्यानं स्वतःचा शिक्का एका माणसाच्या भरवशावर सोडला, तेव्हा तोही दुसऱ्या दरीच्या काठाशी उभा नव्हता का? तूसीच्या पुस्तकात याचं माप नाही. वर्षभरात सुलतान मेला, आणि कटाचा म्होरक्या मानला जाणाऱ्या हसन बहरीच्या मुलानं पुढं अहमदनगरची निजामशाही उभी केली.