मादी श्वानाच्या निर्बीजीकरणाचे वय

मादी श्वानाचे निर्बीजीकरण कोणत्या वयात करावे, हा पाळीव श्वानाच्या संगोपनातील महत्त्वाचा निर्णय आहे. सर्व माद्यांना लागू पडेल असे एकच वय पशुवैद्यकशास्त्रात निश्चित झालेले नाही. मादीचे प्रौढपणीचे अपेक्षित वजन, तिची जात आणि माजाच्या काळात तिला नरांपासून दूर ठेवण्याची सोय या तीन बाबींवर हा निर्णय प्रामुख्याने अवलंबून असतो.

शस्त्रक्रिया

निर्बीजीकरणात पूर्ण भूल देऊन दोन्ही अंडाशये, आणि बहुधा त्यांसोबत गर्भाशयही, काढून टाकले जाते. त्यामुळे मादीला पुन्हा माज येत नाही व गर्भधारणा होत नाही. भारतात अंडाशये व गर्भाशय दोन्ही काढण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे.

माजचक्र

लहान जातींच्या माद्या साधारणतः सहा ते दहा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येतात. मोठ्या जातींत पहिला माज दीड ते दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो. माज सुमारे तीन आठवडे टिकतो व बहुतेक माद्यांमध्ये दर सहा ते आठ महिन्यांनी परत येतो. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. पहिल्याच माजात गर्भधारणा झाल्यास मादीची स्वतःची वाढ पूर्ण होण्याआधी तिच्यावर पिल्लांचा भार पडतो.

लवकर निर्बीजीकरणाचे लाभ

स्तनांच्या अर्बुदांचा धोका कमी होणे हा लवकर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक सांगितला जाणारा लाभ आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांच्या तुलनेत हा धोका पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के व दुसऱ्या माजानंतर २६ टक्के इतका आढळला. मात्र २०१२ मध्ये झालेल्या एका पुनरावलोकनात अशा अभ्यासांचा पुरावा मर्यादित असल्याचे नमूद करण्यात आले.

गर्भाशयात पू होण्याचा विकार अधिक गंभीर मानला जातो. स्वीडनमधील विमा उतरवलेल्या श्वानांच्या नोंदींनुसार, दहा वर्षांच्या वयापर्यंत निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांपैकी सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश माद्यांना हा विकार होतो. वेळीच उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. मात्र शस्त्रक्रिया पहिल्या माजानंतर झाली तरीही त्यापासून संरक्षण मिळते.

प्रतीक्षेची कारणे

अंडाशयांतील संप्रेरके हाडांची लांबी वाढणे थांबवण्यास कारणीभूत असतात. त्यामुळे अतिलवकर शस्त्रक्रिया झाल्यास मोठ्या श्वानांच्या सांध्यांवर परिणाम होऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लॅब्रेडोर व जर्मन शेफर्ड माद्यांमध्ये एक वर्षापूर्वीच्या निर्बीजीकरणानंतर सांध्यांचे विकार वाढल्याचे आढळले. बहुतेक लहान जातींत अशी वाढ दिसली नाही. याच संशोधकांनी संकरित श्वानांबाबत २० किलो वजन ही सीमा मानून, त्याहून जड श्वानांसाठी एक वर्षानंतरची शस्त्रक्रिया सुचवली. लघवीवरील ताबा सुटणे हा निर्बीजीकरणानंतर काही माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातींत, आढळणारा दुष्परिणाम आहे.

माजावर असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो व रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. म्हणून माज संपल्यानंतर दोन ते तीन महिने थांबण्याची प्रथा आहे. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी माज रोखणारी संप्रेरकांची इंजेक्शने दिल्यास गर्भाशयात पू होणे व स्तनांच्या अर्बुदांचा धोका वाढतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्थिती

वरील अभ्यासांतील बहुतेक श्वान घरात किंवा कुंपणाच्या आत ठेवलेले होते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील मळ्यांवर आणि वस्त्यांवर मात्र अनेक कुत्र्या राखणीसाठी मोकळ्या असतात. माण, खटाव, आटपाडी व जत या दुष्काळी तालुक्यांत मेंढपाळांचे कुत्रे कळपाबरोबर फिरतात. अशा ठिकाणी पहिल्या माजात समागम टाळणे जवळजवळ अशक्य असते. समागमातून पसरणारे संसर्गजन्य अर्बुदही भारतातील मोकळ्या श्वानांत सर्रास आढळते. म्हणून गावठी, २० किलोपर्यंत वजनाच्या मोकळ्या मादीसाठी पहिल्या माजापूर्वी, म्हणजे सुमारे सहाव्या महिन्यात केलेली शस्त्रक्रिया सामान्यतः योग्य ठरते. बंद अंगणात राहणाऱ्या लॅब्रेडोर मादीसाठी मात्र वर्षभर थांबणे हिताचे असू शकते.

दख्खनच्या पठारावरील कारवानी या शिकारी जातीचा २०२० च्या अभ्यासात समावेश नव्हता. त्यामुळे या उंच व सडपातळ जातीबाबत वजन आणि वाढ पाहून पशुवैद्यकाने निर्णय घेणे आवश्यक ठरते.

सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे. सांगली येथील ॲनिमल राहत ही संस्था श्रमिक जनावरांवरील उपचारांबरोबरच श्वानांचे निर्बीजीकरणही करते.

भटके श्वान व नियम

भारतात प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ लागू आहेत. त्यांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. भटक्या श्वानांच्या निर्बीजीकरणाची व रेबीज प्रतिबंधक लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. सहा महिन्यांहून लहान पिल्लांना निर्बीजीकरणासाठी पकडण्यास मनाई आहे. पाळीव श्वानाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय मालकाकडे राहतो.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

टाके भरून येण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात मादीला उड्या मारू न देणे, जखम चाटू न देणे व पाण्यात भिजू न देणे आवश्यक असते. निर्बीजीकरणानंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते व भूक वाढू शकते. त्यामुळे आहार न घटवल्यास लठ्ठपणा येतो. मोकळ्या फिरणाऱ्या मादीला टाके भरेपर्यंत बांधून ठेवण्याची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करावी लागते.