कंसांची भाषा आणि एक अवतरणचिन्ह

लिस्प या संगणकभाषेशी माझी ओळख झाली ती कंस मोजता मोजता. एक मिटायचा राहिला की सगळे कोसळे. पुढे तिचा इतिहास वाचताना कळले, की ही भाषा मुळात अशी लिहायचीच नव्हती.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले. त्यांच्या १९६० च्या निबंधात आज्ञा चौकोनी कंस आणि अर्धविराम वापरून, जवळजवळ गणिताच्या पुस्तकासारख्या लिहिल्या आहेत; गोल कंसांच्या याद्या होत्या त्या माहितीसाठी. मात्र आज्ञांचीही यादी करण्याचा नियम तिथेच होता, आणि अशा याद्या वाचून त्या पार पाडणारे 'इव्हॅल' हे फलनही. ते कागदापुरते होते. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ साठी यंत्रभाषेत हाताने उतरवले आणि लिस्प चालू लागली, ती याद्यांवर! चौकोनी कंस तर कार्डे पंच करण्याच्या यंत्रावर नव्हतेच. देखणी पद्धत 'पुढे पाहू' म्हणता म्हणता मागे पडली आणि नव्या पिढीला कंसच आवडू लागले.

उरला प्रश्न संक्षेपाचा. एखादा शब्द आज्ञा नसून नुसती माहिती आहे, हे सांगायला दरवेळी कंसात 'क्वोट' लिहावे लागे. पुढे त्या जागी शब्दाआधी एकच अवतरणचिन्ह आले. मला हा आदर्श संक्षेप वाटतो: त्याचा अर्थ एकच, आणि तो वाचता वाचता मनात उलगडतो.

याउलट 'कार' आणि 'कुडर'. ७०४ च्या ३६ बिटांच्या शब्दात 'अ‍ॅड्रेस' आणि 'डिक्रिमेंट' असे १५-१५ बिटांचे दोन भाग असत. यादीचे डोके आणि शेपूट यांना नावे मिळाली ती त्यांवरून. यंत्र गेले, नावे राहिली. त्यांची अक्षरे जोडून दुसरा, तिसरा घटक काढायचा, तेही उजवीकडून डावीकडे वाचत. कॉमन लिस्पने अशी चार अक्षरांपर्यंतची जोडणी ठेवली. शेजारी 'फर्स्ट', 'सेकंड' करत थेट 'टेन्थ'पर्यंत साधी नावेही दिली. त्या 'टेन्थ'चे मला अजून हसू येते.

२००८ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या 'आर्क'मध्ये बिननावाच्या छोट्या फलनासाठी चौकोनी कंस आले; आत येणाऱ्या किमतीच्या जागी नुसती अधोरेषा. पण एकात दुसरे घातले, की ही अधोरेषा कोणाची? क्लोजरमध्येही असाच संक्षेप आहे, तिथे तो एकात एक घालायला मनाईच आहे. मीही एका ओळीपुरताच तो वापरतो. दुसरी ओळ लागली, की फलन पूर्ण लिहितो, कंसांसकट.